हातातल्या यंत्राची रुजुवात

स्मार्टफोनविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक फिर्यादीच्या स्वरात असते, आणि फिर्यादीचा दोष असा की तीत आरोपी आधी ठरतो व तपास मागाहून होतो. वडीलधारी मंडळी मुलांच्या नावाने बोटे मोडतात, मुले वडीलधाऱ्यांच्या सुप्रभाती फुलांना हसतात, शिक्षक पालकांना जबाबदार धरतात, पालक कंपन्यांना. आणि या गलबल्यात ज्याची चौकशी सर्वांत आधी व्हावयास हवी तो इसम, म्हणजे या क्षणी ज्याच्या हातात फोन आहे तो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी उभाच राहत नाही. प्रस्तुत प्रकरणात त्याचीच जबानी घ्यावयाची आहे. त्यासाठी ठिकाण म्हणून नवीन पनवेल निवडले आहे, कारण ज्या गावाचा दिवसातला बराच वेळ प्रवासात जातो आणि ज्याचे शेजारी एकमेकांना जिन्यापेक्षा व्हॉट्सअॅपच्या गटावर अधिक भेटतात, अशा गावात या सवयीची वाढ जितकी स्वच्छ दिसते तितकी ती पिढीजात वस्तीच्या गावात दिसत नाही.

नवीन पनवेल हे ठरवून वसविलेले गाव आहे. पलीकडचे जुने पनवेल ही बंदराची आणि घाटवाटेची पेठ. तेथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे रेल्वे या देशात धावण्याच्याही आदल्या वर्षाची. अलीकडचे नवीन पनवेल मात्र १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या शहरविकास महामंडळाच्या नकाशातून उतरले: सेक्टर, भूखंड क्रमांक, चार मजल्यांच्या इमारती, आणि कोकणातून, घाटावरून व मुंबईच्या चाळींतून हप्त्याने घर घेण्यासाठी आलेली माणसे. १९९८ साली बेलापुराहून उपनगरी गाडी पनवेलपर्यंत पोहोचली आणि या माणसांचा दिवस रेल्वेच्या वेळापत्रकाला कायमचा जोडला गेला. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे साल २०१६ होय. त्या वर्षाच्या एप्रिलात यूपीआय ही पैसे पाठविण्याची व्यवस्था सुरू झाली. ५ सप्टेंबरला जिओने बाजारात पाऊल टाकले आणि महिनाभराच्या बेतात जपून वापरावयाचा इंटरनेट पाण्याच्या भावाने वाहू लागला. १ ऑक्टोबरला पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. नगर महानगर होणे, खिशातील रोकड अडचणीची होणे आणि फोनमधील डेटा स्वस्त होणे, या तीन गोष्टी एकाच हंगामात घडल्यामुळे भाजीवाल्याच्या हातगाडीवर क्यूआर कोडची पाटी आणि तिच्याशेजारी रक्कम मोठ्याने उच्चारणारी छोटी पेटी कशी आली, याचे आश्चर्य वाटण्याइतकीही उसंत कोणाला मिळाली नाही. ज्या देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावला आणि ज्या देशात त्याच्याही आधी घरच्या टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या देशाच्या हिशेबाने ही उडी केवढी मोठी, हे आज विशीत असलेल्यांना सांगूनही पटत नाही.

म्हणून परावलंबनाची चौकशी करताना प्रथम एक वजावट करणे न्यायाचे ठरते. फोनवाचून आपले चालत नाही, यातील मोठा हिस्सा आपल्या स्वभावाचा नसून व्यवस्थेचा आहे. बँकेचा ओटीपी, आधारची खातरजमा, वीजबिल, शाळेचा गृहपाठ, लोकलचे तिकीट, एम-इंडिकेटर या अॅपवर पाहावयाची गाडी, सोसायटीच्या दरवाजावर आलेल्या माणसाला आत सोडण्याची परवानगी: या सर्वांची दप्तरे ज्यांनी कागदावरून फोनवर हलविली त्यांनी आपल्याला विचारले नव्हते, आणि ज्याला या कामांसाठी फोन हातात घ्यावा लागतो त्याला व्यसनी ठरविणे म्हणजे शिधापत्रिकेच्या रांगेत उभ्या असलेल्यास खादाड म्हणण्यासारखे आहे. ही गरज होय. तिच्याबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. फार तर ज्यांनी ती निर्माण केली त्यांच्याकडे, वृद्धांसाठी आणि फोन नसलेल्यांसाठी कागदाचीही एक खिडकी उघडी ठेवा, असा तगादा लावावा.

अडचण अशी की गरज ज्या दाराने आत येते त्याच दाराने तिच्या पाठोपाठ दुसरेही पुष्कळ काही आत येते. दुपारी साडेअकराच्या सुमारास नवीन पनवेलच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर येतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो खांद्यावरून वर आणणारा मुलगा धापा टाकीत, “वहिनी, ओटीपी सांगा,” म्हणतो. वहिनी फोन उघडतात, चार आकडे वाचून दाखवितात, मुलगा रिकामा सिलिंडर गडगडवीत खाली निघून जातो आणि काम वास्तविक तेथेच संपते. परंतु आकडे ज्या पडद्यावर होते त्याच्या माथ्यावर सोसायटीच्या गटाचा निरोप तरळत असतो: संध्याकाळी पाणी अर्धा तास उशिरा. तो वाचला पाहिजे, कारण ती गरज आहे. त्याच्याखाली नणंदेने टाकलेली अलिबागची छायाचित्रे. ती पाहिली नाहीत तर निळ्या खुणांवरून तिकडे कळणार. त्यांतील एका छायाचित्राला अंगठा दाखवून झाल्यावर बोट आपोआप शेजारच्या रंगीत चौकोनावर पडते आणि तेथे एक अपरिचित बाई बिनतेलाचे थालीपीठ लावून दाखवीत असते. सेफ्टी डोअर अजून उघडेच आहे, आणि सिलिंडर उंबऱ्याच्या आत जेथे ठेवला तेथेच उभा आहे. या सर्व वेळात वहिनींनी ‘आता मी थालीपीठ पाहीन’ असा ठराव कोठेही केलेला नव्हता. आणि नेमके हेच त्या प्रसंगातले पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात विद्यार्थ्यांच्या मनगटावर दर तासाला वाजणारी घड्याळे दिली होती. घड्याळ वाजले की आपण त्या क्षणी काय करीत आहोत आणि मनात काय चालले आहे, हे त्यांनी टिपून ठेवावयाचे. नोंदींचा मेळ घातला तेव्हा असे दिसले की सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, बहुधा त्याच जागी घडणाऱ्या होत्या, आणि त्या घडत असताना मन पुष्कळदा दुसरीकडेच असे. सवयीला निश्चयाची आवश्यकता नसते. तिला जागा लागते, वेळ लागते आणि एखादा इशारा लागतो. नवीन पनवेलच्या नोकरदाराच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी सकाळच्या लोकलने आयत्या पुरविल्या आहेत.

पनवेल हे हार्बर मार्गावरील शेवटचे स्थानक असल्यामुळे तेथे बसावयास जागा मिळण्याचा संभव असतो, आणि म्हणून खांदेश्वर-मानसरोवरची चतुर मंडळी आधी उलट पनवेलला येऊन ‘रिटर्न’ बसतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सव्वा तासाहून अधिक काळ जावयाचा. या वेळेचा पूर्वी लोकांनी जो विनियोग केला होता त्याची आठवण अद्याप बुजलेली नाही: भजनी मंडळांचे टाळ, गुडघ्यांवर पसरलेल्या ब्रीफकेसवरचा पत्त्यांचा डाव, महिलांच्या डब्यात निवडली जाणारी मेथी, पोथीचा रोजचा अध्याय, आणि चौथ्या सीटवर अर्धे टेकून घेतलेली झोप. यातील काही आजही चालते, तरी बहुतेकांच्या मानेचा कोन आता एकच झालेला आहे. मला याबद्दल गळा काढावयाचा नाही; पत्त्यांच्या डावात रोज हरणाऱ्याची बायको त्या काळाला सुवर्णयुग म्हणणार नाही, आणि फोनवर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करणारी एखादी मुलगी त्याच डब्यात बसलेली असते. पण हेही खरे की दारात लटकणाऱ्या प्रवाशाच्या हातावर रुळालगतच्या खांबावरून काठी मारून फोन पाडणाऱ्या ‘फटका गँग’ची भीती सर्वांना ठाऊक असूनही, तोल सावरण्यासाठी मोकळा ठेवावयाच्या हातात फोनच असतो. जिवाच्या भीतीने जी सवय सुटत नाही, ती सुविचाराने सुटेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होय.

ही सवय इतकी चिवट का, याचे उत्तर कबुतरांच्या एका पिंजऱ्यात सापडले होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असंख्य प्रयोगांचे आलेख दिले आहेत. कळीवर चोच मारली की दाणा, अशा सरळ व्यवहारात कबुतर पोट भरले की थांबते. दाणा बंद झाला की थोड्याच वेळात चोच मारणेही सोडते. परंतु दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी चाळिसाव्या, कधी सातव्या टोच्याला, असा अनिश्चित मिळू लागला की ते न थकता टोचत राहते, आणि दाणा कायमचा बंद केला तरी फार काळ टोचत राहते. पुढे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन वाहणाऱ्या पेशींचे निरीक्षण करून १९९७ साली असे दाखविले की या पेशी फळाच्या रसापेक्षा, रस येणार असल्याच्या इशाऱ्याला आणि अपेक्षेपेक्षा अधिक मिळण्याला प्रतिसाद देतात. डोपामिन म्हणजे सुखाचा रस, अशी जी समजूत व्याख्यानांतून पसरली आहे ती ढोबळ आहे. त्याचा संबंध सुखापेक्षा उत्कंठेशी अधिक.

मुंबई परिसरातील माणसाला हे समजावून घेण्यास प्रयोगशाळेची गरज नाही, कारण त्याने मटका पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या भावांवर लागणाऱ्या पैजा बंद पडल्यावर साठीच्या दशकात या शहरात आकड्यांचा जो जुगार रुजला, त्याने गिरणीतल्या कामगारापासून पेढीवरच्या शेटजीपर्यंत सर्वांना ‘आज काय आले’ या एका प्रश्नावर टांगून ठेवले होते. मात्र मटक्याला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ होते. आकडा ठराविक वेळी फुटे, त्यानंतर हरलेला मनुष्य निदान दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळा असे. आपल्या हातातल्या यंत्राला ‘क्लोज’ नाही, आणि ते नसणे हा योगायोग नाही. २००६ साली आझा रॅस्किन यांनी पान कधी संपूच नये, खाली सरकत गेले की पुढचा मजकूर आपोआप भरत जावा, अशी रचना बसविली, २००९ साली लॉरेन ब्रिक्टर यांनी पडदा बोटाने खाली ओढून सोडला की नवे निरोप यावेत, अशी युक्ती ट्वीटी नावाच्या अॅपमध्ये आणली, त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत फेसबुकावर ‘लाइक’चे बटण आले, आणि २०१४च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटू लागल्या. यांतील प्रत्येक गोष्ट सोय म्हणूनच आली, आणि प्रत्येकीने थांबण्याची एकेक जागा बुजविली. वर्तमानपत्राला शेवटचे पान होते, आकाशवाणीवरच्या बातम्या ठरल्या वेळी संपत, पोस्टमन दुसऱ्यांदा आला नाही की त्या दिवसापुरती पत्राची आशा सोडता येई. निळ्या खुणेने तर वाचणाऱ्याच्या मनावर उत्तराचे कर्जच चढविले. रॅस्किन यांनी आपल्या शोधाबद्दल पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली, परंतु खंत व्यक्त केल्याने पान संपू लागत नाही.

आता रुजुवातीकडे वळू. आपण फोन किती वापरतो, असा प्रश्न विचारला असता जे उत्तर मिळते त्यावर विसंबता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात २३ तरुणांच्या फोनमध्ये मोजणी ठेवली होती. एकूण वेळेचा त्यांचा अंदाज बराचसा जुळला, पण फोन किती वेळा हाताळला याचा आकडा त्यांनी सांगितल्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे दिवसाला सरासरी ८५ निघाला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा तो अर्ध्या मिनिटाहून कमी काळ पाहिला गेला होता. तेवीस हा आकडा मोठा नव्हे, आणि त्यावर सिद्धान्त उभारू नये. तथापि त्यातून हिशेब कोठे चुकतो हे नेमके कळते. लांब बैठक लक्षात राहते. क्षणभराच्या डोकावण्या विसरल्या जातात, आणि दिवसाचे तुकडे त्याच पाडतात. खिशात फोन थरथरल्याचा भास व्हावा आणि काढून पाहिले तर काहीच नसावे, हा अनुभव तर इतका सार्वत्रिक आहे की अमेरिकेतील एका वैद्यकीय केंद्रातील कर्मचाऱ्यांची २०१० साली पाहणी केली तेव्हा शंभरांतील ६८ जणांनी तो असल्याचे सांगितले.

२०१८पासून बहुतेक फोनांत वापराची नोंद दाखविणारी सोय आहे. अँड्रॉइडवर ती ‘डिजिटल वेलबीइंग’ या नावाने सेटिंग्जमध्ये सापडते, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ या नावाने. तेथील एकूण तासांचा आकडा पाहून लोक दचकतात, पण तो आकडा सर्वांत कमी बोलका आहे, कारण द्रुतगती मार्गावर तीन तास चालू ठेवलेला नकाशा, परदेशी असलेल्या लेकीशी झालेले संभाषण आणि स्वयंपाक करताना लावलेले कीर्तन हे सर्व त्यात सरसकट जमा झालेले असते. त्याच्याखालचे दोन आकडे पाहावेत: फोन किती वेळा उघडला, आणि नोटिफिकेशने किती आली. याउपर ज्याला खरी कीर्द मांडावयाची असेल त्याने एक साधी वही घ्यावी आणि निदान सुटीचा एक व कामाचा एक दिवस चार रकाने भरावेत: वेळ, जागा, कशासाठी उघडला, आणि उघडल्यावर प्रत्यक्षात काय केले. अशा वहीतले एखादे पान साधारण असे दिसेल: सहा दहा, अंथरूण, गजर बंद करण्यासाठी, माहेरच्या गटावरील निरोप, हवामान, एका क्रिकेटपटूच्या लग्नाच्या चित्रफिती. सात चाळीस, फलाट, गाडीची वेळ पाहण्यासाठी. वेळ पाहिली, मग ऑफिसच्या गटावर साहेबांचा निरोप, त्याला नमस्काराची दोन चित्रे. नऊ पाच, कुर्ल्याच्या अलीकडे, काही नाही. हा ‘काही नाही’ फार मोलाचा शेरा आहे. तो लिहिताना लाज वाटते, आणि ज्या पानावर तो पुन्हापुन्हा येतो त्या पानावरचा ठावठिकाणा पाहिला तर बहुधा त्याच त्या दोनतीन जागा निघतात: फलाट, लिफ्टची वाट, जाहिरातींचा वेळ, शौचालय, आणि अंथरुणाच्या कडेची रात्र.

रात्रीविषयी दोन शब्द. पडद्याच्या निळसर प्रकाशाचा बराच बोलबाला झाला आहे. बोस्टनमधील संशोधकांनी काही जणांना निजण्यापूर्वी चार तास उजेडी पडद्याच्या यंत्रावर वाचावयास लावले, तेव्हा छापील पुस्तकाच्या मानाने झोप लागण्यास जो विलंब झाला तो सुमारे दहा मिनिटांचा होता. परिणाम खरा, पण बेताचा. आणि शांत ललित वाचनाऐवजी शेजाऱ्याशी पार्किंगवरून चाललेला वाद वाचीत पडल्याने जी झोप उडते तिचा दोष कोणत्याही रंगाच्या प्रकाशावर टाकता येणार नाही. तो प्रकाश अडविणारा पिवळा चष्मा विकत घेण्यापेक्षा साधे गजराचे घड्याळ आणून फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावणे, हा मला अधिक शहाणपणाचा सौदा वाटतो.

आजार म्हणावे ते कशाला, याबाबत वैद्यकीय जग सावध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२पासून अमलात आले, खेळांच्या अनावर आसक्तीला स्थान आहे. स्मार्टफोनच्या आसक्तीला स्वतंत्र स्थान नाही. तरीही ज्याची झोप, जेवण, परीक्षा वा नोकरी यांपैकी काही प्रत्यक्ष बुडू लागले असेल त्याने वहीवर विसंबू नये. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४पासून या विषयाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो, आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी मराठीतूनही सल्ला देतो.

उरलेल्या आपल्यासारख्यांसाठी, ज्यांचे काही बुडत नाही पण सारे काही विसकटत असते, एक प्रश्न राहतो: सवयीला जागा, वेळ आणि इशारा लागतो हे खरे असेल, तर एकट्याने निग्रह करून कितपत साधावे? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींनी फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांना रोज प्रत्येकी दहाच मिनिटे द्यावयाची, असा तीन आठवड्यांचा नियम पाळला, आणि त्यांच्यातील एकाकीपणाची व खिन्नतेची भावना इतरांच्या मानाने कमी झाली. म्हणजे साधते. पण तेथे पाठीशी प्रयोगाचे बंधन होते. नवीन पनवेलच्या गृहस्थाने रात्री नऊला फोन मिटला तरी त्याचे साहेब, त्याचा साडू, मुलाच्या वर्गशिक्षिका आणि सोसायटीचे सचिव यांनी तो मिटलेला नसतो. उत्तर न देणाऱ्याकडे खुलासा मागितला जातो. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे या बाबतीत आजवर महाराष्ट्रात झालेला सर्वांत विचारप्रवर्तक प्रयोग कोण्या व्यक्तीचा नसून एका गावाचा आहे.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे, तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. करोनाच्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरली आणि मुलांच्या हाती फोन आला. शाळा पुन्हा उघडली, पण फोन हातातून सुटला नाही, आणि अभ्यास मागे पडल्याची तक्रार शिक्षकांनी केली. सरपंच विजय मोहिते यांनी जेव्हा रोज काही काळ सर्वांनीच पडदे बंद ठेवण्याची कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळी प्रथम हसली. मग स्त्रियांना एकत्र बोलाविले. आपणही मालिकांत गुंतून पडतो, हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले आणि गावाने हे करावे असे ठरले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी बैठकीत निर्णय झाला व दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू झाला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत दूरदर्शनसंच व फोन बंद. आरंभी आशा व अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावीत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांना फोनची बंदीच केली. दोन्ही ठरावांची तुलना केली तर वडगावचे शहाणपण उठून दिसते. बांशीने मुलांना अपराधी धरले. वडगावने मोठ्यांनाही त्याच भोंग्याखाली आणले, आणि बंदीऐवजी वेळ बांधून दिली. मटक्याला जो ‘क्लोज’ होता आणि फोनला नव्हता, तो गावाने भोंग्याने परत आणला. शिवाय सर्वांचे फोन एकदमच बंद असल्यामुळे त्या दीड तासात कोणाचे काही हुकत नाही. निरोप धाडणाराच नसल्यावर तो न पाहिल्याची हुरहूरही राहत नाही. एकट्याच्या निग्रहाला हे कधीही साधणार नाही.

नवीन पनवेलला ग्रामसभा नाही आणि सर्वांना ऐकू जाईल असा भोंगाही नाही, जरी लाउडस्पीकरांची टंचाई आहे असे कोणी म्हणणार नाही. पण सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, आणि १९६०च्या सहकार कायद्याने प्रत्येकीला सर्वसाधारण सभा दिलेली आहे. जिथे पार्किंग, पाणी आणि गळतीवर तासन्‌तास वाद होतात, त्या सभेपुढे संस्थेच्या गटावर रात्री अमुक वाजल्यानंतर निरोप टाकू नयेत, एवढा एक विषय ठेवण्यास कोणता प्रत्यवाय आहे? कार्यालयांचे बंधन अधिक अवघड. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये त्या स्वरूपाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, आणि खासगी विधेयकांच्या नशिबी जे बहुधा असते ते त्याच्याही आले. तसा कायदा होईपर्यंत साहेबांचे निरोप वाशीच्या खाडीपुलावर येतच राहणार.

वडगावची नक्कल मात्र येथे जशीच्या तशी चालणार नाही. सात ते साडेआठ या वेळी निम्मे नवीन पनवेल गाडीत उभे असते, आणि ‘कुर्ला सोडले’ हा निरोप मिळेपर्यंत घरी कुकर लावला जात नाही. वेळ साडेनऊनंतरचीच धरावी लागेल. तीतही ज्या घरात आजारी माणूस आहे, ज्यांची मुलगी रात्रपाळीच्या गाडीने येते, जे रुग्णालयात किंवा विमानतळावर कामाला आहेत, त्यांना सूट असावी, आणि ती मागताना कारण जाहीर करावे लागू नये. पाण्याचा पंप सुरू करणाऱ्या रखवालदाराचा निरोप त्या वेळात कोणत्या मार्गाने यावा, हे सभेपूर्वीच ठरवून ठेवलेले बरे. घंटेचा पर्याय सुचविला तर तळमजल्यावरची मंडळी आवाजाबद्दल हरकत घेतील आणि चौथ्या मजल्यावरची ऐकू येत नाही म्हणून, आणि ठराव तेवढ्यावरच पुढच्या सभेला ढकलला जाण्याचा संभव फार मोठा आहे.